माझा भिजला

आज संध्याकाळी भावाकडे गेले होते. भाची चौथीत आहे. आत्या आली की दारातच गळ्यात पडणारी पोर आज वही मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली. वही बघायला मागितली तर आधी देईना.

परिसर अभ्यासाची वही. मटकीचा प्रयोग. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. निरीक्षणाखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "मटकीला मोड आले नाहीत. पाण्यावर फेस आला. वास येतो." त्यावर लाल पेनाची आडवी रेघ. खाली तिच्याच अक्षरात, पण पान फाटेल इतकं दाबून लिहिलेलं, "मटकीला मोड आले." त्याच्यापुढे बरोबरची खूण.

"आत्या, खरंच आले नव्हते गं."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

तिला विचारलं, मटकी कशी ठेवली होतीस? पेल्यात काठोकाठ पाणी, त्यात मटकी, तीन दिवस तशीच. अगं, बुडून मेली की ती! बी जिवंत असतं, त्याला श्वास लागतो. आपल्या आया मटकी रात्रभर भिजवतात, मग पाणी ओतून देऊन फडक्यात बांधतात, ते याचसाठी. ओल मिळते आणि वाराही लागतो. पाण्यात बुडालेल्या दाण्याला हवा पुरत नाही, तो कुजतो, पाणी आंबतं, फेस येतो. म्हणजे पोरीनं जे लिहिलं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. फेससुद्धा तिनं टिपला, वाससुद्धा टिपला. वर्गात बाकीच्यांनी फळ्यावरून "मोड आले" उतरवून घेतलं. त्यांच्यातल्या कितीजणांनी मटकी भिजवली होती?

मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागातली महापालिकेची शाळा. वडील यंत्रमागावर कामाला, वर्गातल्या निम्म्या पोरींच्या घरी तेलुगू. बाईंनी एक दिवस घरून स्टीलचा पेला आणायला सांगितला आणि मधोमध पाण्याची बादली ठेवली. मागाखाली पडलेल्या सुताचा बोळा करून पेल्याच्या तळाशी गच्च बसवायचा, पेला उपडा धरायचा, सरळ पाण्यात दाबायचा, तसाच सरळ वर काढायचा. सूत कोरडं! माझ्या शेजारची पोरगी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. ती ओरडली, "तडवलेदु!" बाईंनी विचारलं, म्हणजे काय गं? "भिजला नाही." बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला, मोठ्या अक्षरात. त्या दिवसापासून ती पोरगी बोलायला लागली.

आणि माझा भिजला. सगळ्यांचा कोरडा, माझा एकटीचा भिजला. मी बोळा मुठीत लपवला, पण फ्रॉकवर पाणी गळायला लागलं. बाईंनी मूठ उघडायला लावली. मला वाटलं, आता मार. बाई म्हणाल्या, "लिही. माझा भिजला."

मी लिहिलं. बाईंनी त्याला बरोबरची खूण केली.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिन झाला. 1928 मध्ये रामन यांनी शोध लावला त्याची आठवण म्हणून 1987 पासून आपण तो दिवस पाळतो. रांगोळी झाली, पाठ केलेली भाषणं झाली, दुकानातून आणलेले थर्मोकोलचे ज्वालामुखी मांडून झाले, फोटो इथं फेसबुकवरही आले. आणि पंधरा दिवसांत एका नऊ वर्षांच्या मुलीला शिकवलं, की डोळ्यांना दिसलं ते खोड आणि पुस्तकात आहे ते लिही. संताप येतो हो! या मुली मोठ्या होऊन दवाखान्यात रिपोर्ट लिहिणार आहेत, पुलाचं सिमेंट तपासणार आहेत.

एका वर्गात पन्नास-पन्नास मुलं, वर सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, माहिती भरायची ती वेगळीच. मान्य. पण लाल रेघ मारायलाही तेवढाच वेळ लागतो.

सामान नाही ही तक्रार तर मला सांगूच नका. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून मुलांच्या हातात भूमिती दिली. आपण तर टॉवेलच्या गावात राहतो. एकसारखे दोन टॉवेल भिजवा, एक पसरून वाळत घाला, एक घडी करून. कुठला आधी वाळतो, पोरांना तासातासाला हात लावून बघू दे. मातीचा माठ आणि स्टीलची कळशी शेजारी ठेवा, दुसऱ्या दिवशी पाण्यात बोट बुडवून सांगू दे. अंगणात काठी रोवा, सावलीच्या टोकाला खडे ठेवत जा. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली भरदुपारी पायातच नाहीशी होते. एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये सुट्टी असते, ऑगस्टमध्ये ढग. म्हणून मेमध्ये गच्चीवर आपणच करायचं, मुलांना टोप्या घालून. आणि ढग आले तर "ढग आले, सावली दिसली नाही" असं लिहायचं. तेही निरीक्षणच.

पुन्हा त्या बादलीपाशी येते, कारण गोष्ट अर्धी राहिली. खूण केल्यावर बाई म्हणाल्या, "पेला कसा धरला होतास, परत धरून दाखव." मी धरला, दाबला, आणि माझा हात कलला. बुडुक करून एक मोठा बुडबुडा वर आला. "काय गेलं गं बाहेर?" मी बघत राहिले. तेलुगू बोलणारी ती शेजारीण हळूच म्हणाली, "हवा." रिकामा पेला रिकामा नसतो, हे मला माझ्या भिजलेल्या सुतानं कळलं. ज्यांचं कोरडं राहिलं त्यांना कदाचित इतकं कळलंही नसेल.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. भाचीच्या बाई तरुण आहेत म्हणे, पहिलंच वर्ष. त्यांनाही लहानपणी कुणी बोळा मुठीतून काढून बघितला नसेल. वही तपासून वर दाखवायची असते, त्यात "मोड आले नाहीत" दिसलं तर त्यांनाच कुणी विचारेल, अशी भीती असेल. त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. पालकसभा आहे तेव्हा जाईन, भांडणार नाही, वही पुढे ठेवून एवढंच म्हणेन, की ही रेघ मागे घ्या.

आज रात्री भाचीकडेच राहिलेय. आम्ही दोन वाट्या मांडल्यात. दोन्हींत वीस-वीस दाणे, तिनंच मोजले. एक वाटी काठोकाठ पाण्याची. दुसरीतलं पाणी सकाळी ओतून दाणे ओल्या फडक्यात बांधायचे. नव्या पानावर तिनं तारीख घातली, "साहित्य" लिहिलं, "कृती" लिहिली. "निरीक्षण" लिहून खाली जागा मोकळी सोडली आणि मला म्हणाली, "आत्या, तू पण काही लिहू नकोस हं त्यात."

साडेअकरा वाजलेत. दोनदा उठून बघून आली.