आठ गुण, भेट एकही नाही

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा बोगस दिव्यांगांचा विषय निघाला. २०२४ मध्ये पूजा खेडकर प्रकरण गाजलं, तेव्हापासून दर दोन महिन्यांनी निघतोच. या वेळी कुणीतरी सरकारी नोकरांच्या प्रमाणपत्रांच्या फेरपडताळणीची बातमी टाकली. आमच्या वर्गाचा मॉनिटर पन्नाशीतही मॉनिटरच आहे, त्यानं लगेच निकाल दिला: "सगळ्यांना परत सिव्हिल सर्जनसमोर उभं करा. कागदावर विश्वास ठेवायचाच नाही." त्यावर बावीस अंगठे. मी अंगठा दिला नाही. दिला असता तर दुखलाही असता, पण तो भाग वेगळा.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात दारात तपकिरी पाकीट पडलं होतं. मी ते दोन दिवस मायक्रोवेव्हवर तसंच ठेवलं. पिप, म्हणजे इथं ब्रिटनमध्ये आजारी-अपंगांना मिळणारा सरकारी भत्ता, त्याच्या रिव्ह्यूचा निकाल होता. बारा वर्षांचा आमवात आहे मला. फॉर्म मागच्या हिवाळ्यात भरला होता. सोबत कन्सल्टंटचं पत्र, मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या औषधाचं रिपीट प्रिस्क्रिप्शन आणि ओटीनं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टनं, बाथरूम बघून लिहिलेला रिपोर्ट जोडला होता. मग नऊ महिने चकार शब्द नाही. आणि आता एकदम, आहे तेच पुढे चालू. फोन आला नाही, तपासणीच्या सेंटरवर बोलावलं नाही. सगळं कागदावर.

म्हणून मी ग्रुपवर तावातावानं लिहिलं की इकडे कागद वाचून ठरवतात आणि आभाळ कोसळत नाही. प्रश्न तरी बघा काय असतात! तुमचं शरीर किती टक्के गेलं, हे कुणी विचारत नाही, काय जमतं ते विचारतात. पहिलाच प्रश्न स्वयंपाकाचा. एका माणसापुरता, ताज्या जिनसांचा, एक साधा पदार्थ शेगडीवर करता येतो का? आणि करता येणं म्हणजे इजा न होता, नीट, पुन्हा पुन्हा, वाजवी वेळात. तेही निम्म्याहून जास्त दिवस. उपकरण लागत असेल तर २ गुण. माझ्याकडे पर्चिंग स्टूल आहे, म्हणजे ओट्यापाशी टेकून बसायचं उंच स्टूल, जाड मुठीची सुरी आहे. आंघोळीला खुर्ची लागते, त्याचे २. उंच केलेली टॉयलेट सीट, २. बटणं लावायचा हुक, २. झाले बरोब्बर ८. आठाला स्टँडर्ड रेट, २०२५-२६ मध्ये आठवड्याला ७३.९० पौंड. आठाच्या खाली काही नाही.

भाकरीला मात्र रकाना नाही. 'ज्वारीचं पीठ मळून हातानं थापायची' असं मी इंग्रजीत तीन ओळी लिहिलं आणि खोडलं. वाचणाऱ्याला काय कळणार, आणि साध्या जेवणात ती बसतही नाही. बटाटा सोलता येत नाही, एवढं ठेवलं.

मॉनिटरला सांगायला माझ्याकडे दादाचं हुकमी उदाहरण होतं. दादाला लहानपणीच पोलिओ झाला, डावा पाय गेला. हातानं लिहिलेलं, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट त्यानं आयुष्यभर जपलं. युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, आल्यावर पुन्हा तपासणी. पहाटेची एसटी, बोर्डाचा आठवड्यातून एकच वार, केसपेपरची रांग, आणि हाडांचे डॉक्टर ऑपरेशनला गेलेत, पुढच्या बुधवारी या. पन्नास वर्षांनी पोलिओचा पाय काय लांब होतो? २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार २१ केले, फार छान. पण चाळीस टक्क्यांच्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहात, हे सिद्ध करायला जिने तुम्हीच चढायचे. अखेर पिवळ्या पट्टीचं, म्हणजे चाळिशीच्या वरचं, कार्ड आलं.

हे सगळं मी दादालाच फोनवर ऐकवलं. तो हसला. "अगं, दुसऱ्या बुधवारी नवीन पोरगा होता डॉक्टर. टेप लावून दोन्ही पाय मोजले त्यानं. मग बूट हातात घेतला, उलटापालटा करून बघितला. म्हणाला, काका, हा कुठं करून घेता? इतक्या वर्षांत माझा बूट कुणी बघितला नव्हता. तुला कोण आलं होतं बघायला?"

मी विषय बदलला. त्याच्या गुडघ्याचं विचारलं.

इथली जी बाजू मी ग्रुपवर लिहिली नाही, तीही आहे. मार्च २०२५ मध्ये सरकारनं प्रस्ताव आणला होता की निदान एका तरी प्रश्नात किमान ४ गुण हवेत. माझे चार प्रश्नांत दोन-दोन. स्वतःच्या पक्षाचे खासदार उलटले म्हणून जुलैत ती अट मागे पडली. तोवर मी झोपले नव्हते. आता समोरासमोर तपासण्या वाढवायचं चाललंय, म्हणजे मॉनिटरची शाखा इकडेही आहे. आणि पहिल्या वेळी मला समोर बसवलं होतंच की. बाहेर जायचं म्हणून मी लिपस्टिक लावली होती. आईनं लावलेली सवय, दवाखान्यातसुद्धा नीटनेटकं जायचं. रिपोर्टात आलं: व्यवस्थित पेहराव, उजव्या हातात पर्स. त्या पर्सनं मला पुढचे सहा महिने छळलं. आधी मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार मागायचा, मग ट्रिब्युनल. त्यामुळे या वेळी कुणी बघितलं नाही याचा मला आनंदच व्हायला हवा. झालाही, साधारण संध्याकाळपर्यंत.

अजून एक. ग्रुपवर मी 'माझ्या ओळखीच्या एका बाईंचं' म्हणून लिहिलं होतं. फॉर्मवर मी सगळं लिहिते, संडासात उठताना कशाला धरते तेसुद्धा, पण ते कुणा अनोळखी कारकुनासाठी. ज्यांच्यासोबत खो-खो खेळले त्यांना माहीत नाही. तिकडे गेले की लग्नात सगळ्यांशी हात जोडून नमस्कार करते, म्हणजे हात हातात द्यावा लागत नाही. सगळे म्हणतात, परदेशात राहून संस्कार विसरली नाही हो!

रात्री मॉनिटरचा मेसेज आला. "त्या बाई खरंच अपंग आहेत का? तू स्वतः बघितलंयस?"

निळ्या टिका त्याला दिसल्या असणार. उत्तर अजून दिलेलं नाही.