काच खाली करा की

तर परवा रात्री घरी बसून टिंकर टेलर सोल्जर स्पाय बघितला. पिक्चर 2011 चा, मी बघितला आत्ता, त्यामुळं "आज उजाडलं का बे" असं म्हणायचं असेल तर म्हणून घ्या, मान्य आहे. थोडं स्पॉयलर येणार पुढं, पण खरा गद्दार कोण ते सांगत नाही, तेवढी लाज आहे अजून.

आधी कबूल करतो की मी हाणामारीवाला माणूस आहे, म्हणजे बघण्यापुरता. सोलापुरात भागवत टॉकीजला शिट्ट्या मारत पिक्चर बघून मोठी झालेली पिढी आमची. गुप्तहेर म्हणलं की गाडी उडली पाहिजे, हिरोनं चौथ्या मजल्यावरनं उडी मारून कोट झटकला पाहिजे आणि मग एक डायलॉग, एवढं झालं नाही तर तिकिटाचे पैसे वाया. एका मित्रानं लै दिवसांपासून डोकं खाल्लं होतं की हा बघ, खरा हेर कसा असतो ते कळंल. परवा पाण्याची पाळी होती, आमच्याकडं पाणी कधी येईल ते हेरखात्याला पण सांगता येणार नाही, म्हणून जागंच राहायचं होतं, म्हणलं चला लावू.

पहिल्या अर्ध्या तासात मी तीनदा मोबाईल बघितला.

सुरुवात भारी आहे तशी. बुडापेस्टमध्ये एक हॉटेल, बाहेर टेबलं मांडलीत, ब्रिटिश हेर कुणाला तरी भेटायला आलाय आणि तिथला वेटर घामाघूम झालाय, त्याच्या घामाचा एक थेंब टपकन टेबलावर पडतो आणि हेराला कळतं की काहीतरी गडबड आहे. आपण म्हणायचं आता पळापळी सुरू होणार, तर पुढं सगळा पिक्चर ऑफिसात! फायली, लिफ्ट, चहा, जिना, परत फायली. हिरो म्हणजे गॅरी ओल्डमन, नाव जॉर्ज स्मायली, रिटायर करून घरी बसवलेला चष्मेवाला माणूस, आपल्याकडं पेन्शनच्या लाईनीत उभा दिसंल असा. बराच वेळ तर तोंडच उघडत नाही. नवीन चष्मा करतो आणि तळ्यात पोहतो, झाली अॅक्शन.

काळ आहे 1973 चा, लंडन. तिथल्या गुप्तहेर खात्याला ते सर्कस म्हणतात, केंब्रिज सर्कस नावाच्या चौकात ऑफिस म्हणून. आपल्याकडं कसं, खातं कुठलं का असंना, सात रस्त्याला असलं की सात रस्त्याचं ऑफिस, तसं. तर या सर्कशीत अगदी वरच्या चार-पाच जणांमधला एक जण वर्षानुवर्षं रशियाला खबरा पुरवायलाय आणि तो कोण ते या रिटायर माणसानं गुपचूप शोधायचं. म्हाताऱ्या साहेबानं मरायच्या आधी बुद्धिबळाच्या सोंगट्यांवर एकेकाचे फोटो चिकटवून ठेवलेले असतात. आणि त्यातली एक सोंगटी स्वतः स्मायली! तिथं मी मोबाईल खाली ठेवला.

हे सगळं हवेतनं आलेलं नाही. मूळ कादंबरी 1974 ची, जॉन ल कारेची. हे त्याचं टोपणनाव, खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल आणि स्वतः ब्रिटिश हेरखात्यात नोकरी केलेला माणूस. त्यांच्याकडं खरोखरच किम फिल्बी म्हणून मोठा अधिकारी रशियाचा माणूस निघाला, 1963 ला बैरूतहून जो गायब झाला तो थेट मॉस्कोत उगवला. सोबत काम केलेल्यांना आधी विश्वासच बसंना म्हणतात. कसा बसंल, आपल्यातलाच, आपल्याच कॉलेजातला, आपल्यासारखंच बोलणारा.

मधेच सांगतो, बहिर्जी नाईकांबद्दल पण मला हेच वाटतं. सुरतेच्या 1664 च्या स्वारीमागं त्यांची खबर होती हे आपण लहानपणापासनं ऐकतो, पण जुन्या कागदांत त्यांच्याबद्दल सापडतं किती? लै थोडं. हेराचं काम चोख झालं की त्याच्यावर लिहायला काही उरतच नसावं. आपण मात्र नाटकात त्यांना मिशा, घोंगडी आणि पाच मिनिटांचा डायलॉग देतो.

असो. तर साधारण पाऊण तासानं पप्पा उठून आले. उकाड्यानं झोप येत नाही आणि पाणी यायचंय हे डोक्यात. भुईमुगाच्या शेंगांचं ताट घेऊन बसले माझ्या शेजारी. पप्पांना इंग्रजी येत नाही, मी आपली रनिंग कॉमेंट्री सुरू केली, हा रिटायर झालेला, हा त्याचा शिष्य, हे पाच जण संशयित. पप्पांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणले, "त्यो बुटका. त्योच हाय." टोबी एस्टरहेज. मी म्हणलं कशावरनं? म्हणले, "तोंड बघ की त्याचं. आणि त्यो ह्यांच्यातला न्हाई." खरंच नाही, टोबी मूळचा हंगेरीचा. मी हे सांगितलंच नव्हतं त्यांना.

आणि मग तो सीन आला. गाडीत तिघं जण, आत मधमाशी शिरलीय. दोघं हात उडवायलेत, मारायला बघायलेत. पप्पा शेंग सोलत सोलत म्हणले, "काच खाली करा की." आणि त्याच क्षणाला स्मायलीनं शांतपणे आपल्या बाजूची काच खाली केली, माशी गेली बाहेर. मी पप्पांकडं बघतच राहिलो. गॅरी ओल्डमनला आयुष्यातलं पहिलं ऑस्कर नॉमिनेशन या रोलसाठी मिळालं, आणि आमच्या पप्पांनी तोच सीन कॉटवर बसून केला.

मग फाईल चोरायचा प्रसंग. स्मायलीचा शिष्य स्वतःच्याच ऑफिसात जातो आणि ड्युटीचं रजिस्टर उचलतो. बंदूक नाही, काही नाही, खोट्या गॅरेजवाल्याचा फोन, एक बॅग आणि ओळखीच्या लोकांशी नॉर्मल बोलत राहायचं. एवढंच. माझ्या हाताला घाम सुटला राव. गाडी उडताना कधी सुटला नाही. आणि एवढं करून रजिस्टर उघडतात तर नेमकं हवं त्या रात्रीचं पान गायब.

पप्पा म्हणले, "थांबव जरा."

पुढची गोष्ट माहीत असणारी माणसं आता थोडीच राहिलीत म्हणून लिहितो. पप्पा चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, माग लावायचे, बिघडला की दुरुस्त करायचे. चादरीवरचं डिझाईन मागावरच्या जकार्ड नावाच्या यंत्रावर पुठ्ठ्याच्या कार्डांनी निघतं. कार्डाला भोकं, जिथं भोक तिथला धागा उचलला जातो, एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवून माळ करतात. ही माळ म्हणजे कारखान्याचा जीव. कार्डं पाडणारे होते अण्णा. मला लिमलेटच्या गोळ्या द्यायचे. जेवायच्या सुट्टीत पप्पा आणि अण्णा एकाच डब्यात.

मी सातवीत असताना दिवाळीच्या आधी मालकांनी नवीन मोर काढला. बाजारात जायच्या आधीच चाटी गल्लीत दुसऱ्याच कारखान्याची चादर आली, तोच मोर. लोक बघून नक्कल करतात, ते चालायचंच. पण आमच्या माळेत एका कार्डाला एक भोक चुकून जास्त पडलं होतं, त्यामुळं प्रत्येक मोराच्या मानेत एक पिवळा ठिपका यायचा. त्या चादरीतल्या मोराच्या मानेत पण पिवळा ठिपका. म्हणजे बघून केलेलं नाही, कार्डावर कार्ड ठेवून पाडलेलं. मग पप्पांनी माळ तपासली, तर मधली पंचवीस-तीस कार्डं वेगळ्या दोरीनं ओवलेली. कुणीतरी सोडून नेऊन परत बांधलेली.

संशय अण्णांवर. कारण काय, तर कार्डं त्यांची, आणि समोरच्या कारखान्यातला मास्तर त्यांच्या गावाकडचा, दोघं तेलुगूत बोलायचे. मालकांना तेलुगू कळत नव्हतं, पप्पांना पण नाही. कुणी तोंडावर काही म्हणलं नाही. मालकांनी चहाला बोलवायचं बंद केलं. डबा वेगळा झाला. तीन-चार महिन्यांनी अण्णा घर आवरून भिवंडीला गेले, तिकडं लै सोलापूरकर गेले तेव्हा, कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

पुढं सहा-सात वर्षांनी मालकांच्या भाच्यानं स्वतःचे माग टाकले. किल्ल्या त्याच्याकडं असायच्या पहिल्यापासनं. त्यानं पहिली चादर काढली ती मोराची. मानेत पिवळा ठिपका. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी त्याच्या उद्घाटनाचे पेढे खाल्ले.

पिक्चर परत सुरू केला. शेवटाकडं टोबीला विमानाच्या धावपट्टीवर उभा करतात, मागं एक छोटं विमान उतरतं आणि हळूहळू त्याच्या पाठीशी येऊन थांबतं, स्मायलीचं आणि त्याचं बोलणं चाललंय आणि विमानाचा पंखा फिरायलाय. टोबी रडायला येतो, मला परत पाठवू नका म्हणून. मला वाटतं अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात हिंसक सीन तोच आहे आणि त्यात कुणी कुणाला हात लावत नाही. आणि टोबी तो नसतो. तो नुसता वापरला गेलेला असतो. खरा जो निघतो तो सगळ्यांचा लाडका, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

पप्पांनी शेंगा खायचं कधीच थांबवलं होतं. मी गमतीनं म्हणलं, काय पप्पा, बुटका नव्हता की ओ. ते काही बोलले नाहीत. ताट उचललं, टरफलं गोळा केली.

पिक्चर म्हणून विचाराल तर तक्रारी आहेत. नावं लक्षात राहत नाहीत, काळ मागंपुढं उड्या मारतो, एकदा चष्म्याच्या फ्रेमवरनं ओळखावं लागतं की हे आधीचं का नंतरचं. स्मायलीच्या बायकोचं तोंड पण धड दाखवत नाहीत, मुद्दाम असणार, पण आपण बिचारे शोधत बसतो. दिल्लीत रशियन हेराला भेटल्याची गोष्ट स्मायली रिकाम्या खुर्चीकडं बघून सांगतो, त्यात दिल्ली एक फ्रेम पण दिसत नाही, आणि तरी मला पूर्ण दिसली. ज्यांना झोप येईल त्यांनी खुशाल झोपावं, माझी काही हरकत नाही. मी परत बघणार आहे.

दोनच्या सुमारास नळाला फुसफुस आवाज आला. मी पाईप लावला, पप्पा ड्रमपाशी उभे. बराच वेळ पाण्याकडं बघत होते. मग म्हणले, "अण्णाचा पोरगा भिवंडीलाच असतो का रे अजून?"

मी म्हणलं माहीत नाही, विचारतो कुणाला तरी.

"विचार," म्हणले. "पाईप काढ, ड्रम भरला."