बिल किती दिवसांत निघणार, ते कायद्यात लिहा

जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनचे काम त्याने केले होते, बिल थकले होते, कर्ज वाढत चालले होते. त्यावर सरकारकडून उत्तर आले की त्याच्या नावावर आमचे कंत्राटच नाही, तो पेटी कंत्राटदार, म्हणजे मुख्य कंत्राटदाराकडून काम घेणारा पोटकंत्राटदार होता. इथे सॅक्रामेंटोत बसून ते वाचताना मला फार लागले. कागदोपत्री उत्तर बरोबरही असेल. पण राबणाऱ्या माणसाचे नावच ज्यात नाही असा कागद आपण का चालवून घेतो, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

मी कॅलिफोर्नियात एका मध्यम बांधकाम कंपनीत आहे. शाळांच्या इमारती, पालिकांची कामे. निविदा भरणे आणि बिले काढणे हे माझे रोजचे काम. गावाकडे, सातारा जिल्ह्यात, माझा चुलतभाऊ जिल्हा परिषदेची आणि सार्वजनिक बांधकाम खात्याची कामे घेतो. त्यामुळे दोन्हीकडची बिले कशी हलतात हे मला जवळून दिसते.

इथे सरकारी कामाची निविदा भरताना, एकूण रकमेच्या अर्ध्या टक्क्याहून मोठे काम ज्या पोटकंत्राटदाराला द्यायचे त्याचे नाव निविदेतच लिहावे लागते. रस्त्याच्या कामांना मर्यादा थोडी वेगळी आहे, पण तत्त्व तेच. प्लंबिंग कोण करणार, वायरिंग कोण, छत कोण, सगळे उघड. काम मिळाल्यावर भाव पाडण्यासाठी त्याला काढून दुसरा आणता येत नाही. स्थानिक संस्थेने वादात नसलेले चालू बिल 30 दिवसांत द्यायचे, नाहीतर वर्षाला 10 टक्के व्याज. ते पैसे मुख्य कंत्राटदाराच्या हातात पडले की 7 दिवसांत खालच्याला पोचले पाहिजेत. विनाकारण अडवले तर महिन्याला 2 टक्के दंड.

दर महिन्याला पोटकंत्राटदारांच्या बिलांबरोबर माझ्या टेबलावर एकेक पानाचा फॉर्म येतो. अमुक रक्कम मिळाली की अमुक तारखेपर्यंतच्या कामावरचा माझा हक्क मी सोडतो, असे त्यावर लिहिलेले असते. हा मजकूर कायद्यानेच ठरवून दिला आहे, आम्हाला तो आपल्या सोयीने फिरवता येत नाही. चेक वठेपर्यंत त्याचा हक्क शाबूत राहतो. खासगी कामात हा हक्क थेट मालमत्तेवर असतो आणि तो राज्याच्या घटनेतच लिहिलेला आहे. सरकारी इमारतीवर बोजा चढवता येत नाही, म्हणून 25 हजार डॉलरच्या वरच्या प्रत्येक सरकारी कामाला मुख्य कंत्राटदाराकडून देणी भागवण्याची हमी घेतात. तो बुडाला तरी खालच्याचे पैसे हमीदार कंपनीकडून निघतात.

हे आपोआप मिळालेले नाही. कंत्राटदारांच्या संघटना दरवर्षी विधिमंडळाकडे आपल्या मागण्या घेऊन जातात आणि त्यांत पैसे वेळेवर मिळण्याची मागणी वरच्या जागी असते. काम पुरे होईपर्यंत बिलातून कापून ठेवायच्या रकमेवर सरकारी कामांत 5 टक्क्यांची मर्यादा होतीच. खासगी कामांत 10 टक्के सर्रास कापत. 1 जानेवारी 2026 पासून बहुतेक खासगी कामांनाही 5 टक्क्यांचीच मर्यादा लागू झाली.

आपल्याकडे सभागृहात कंत्राटांवर बोलणे कमी होत नाही. टक्केवारी, मर्जीतले ठेकेदार, पहिल्या पावसात उखडलेले रस्ते, हे सगळे विचारलेच पाहिजे. पण राज्यातल्या कंत्राटदार संघटना 2025 मध्ये सुमारे 89 हजार कोटींची थकबाकी असल्याचे सांगत होत्या. निम्मा आकडा धरला तरी तो भयंकर आहे. अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षाखाली तुटपुंजी तरतूद असताना कार्यारंभ आदेश निघतो. काम होते, शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत (एम.बी.) नोंद करतो, बिल वर जाते आणि तिथून "निधी आला की बघू" सुरू होते. "दादा, एम.बी. होऊन वर्ष झालं, खडीवाला आणि पंपवाला दारात बसलेत," हे भाऊ मला दर फोनला सांगतो. मार्चअखेर आला की बिलाचा एखादा तुकडा पदरात पडतो.

वर्षभर थांबण्याचे व्याज कुठून तरी निघतेच. कुणी दरात चढवतो, कुणी डांबरात आणि सिमेंटमध्ये काढतो. म्हणून खड्ड्यांची चर्चा थकलेल्या बिलांपासून तोडता येणार नाही.

केंद्राच्या 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात 45 दिवसांची मुदत आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याजही आहे. पण बांधकामाचे कंत्राट त्यात बसत नाही, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. मग राज्याने स्वतःचा कायदा करायला नको का? दाखला किती दिवसांत द्यायचा हे 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने बांधून देणारे हेच राज्य आहे.

इथले सगळे उचलून न्यावे असे मी म्हणत नाही. हमीदार कंपनी आधी हिशेबाच्या वह्या आणि बँकेतली शिल्लक बघते. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाला ती दारात उभे करत नाही. छोटी कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि मजूर सहकारी संस्थांना राखून द्यायची महाराष्ट्राची पद्धत त्या बाबतीत मला अधिक न्यायाची वाटते. फक्त त्या मुलाला काम देऊन मग वर्षभर उपाशी ठेवू नये. लहान कामांना हमीची सक्ती नको. त्याऐवजी पेटी कंत्राटदाराची नोंद करारातच करावी आणि त्याचा वाटा थेट त्याच्या खात्यात जावा.

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे. पैसा नसेल तर निविदा काढू नये. काढली, तर मोजमाप नोंदल्याच्या तारखेपासून दिवस मोजावेत, मुदत संपली की अर्ज न करता व्याज चालू व्हावे आणि ते व्याज अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली दिसावे. नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतील तेव्हा प्रत्येक आमदाराला कळू दे, जुन्या बिलांच्या व्याजापोटी किती गेले आणि त्याच दिवशी नव्या कामांच्या किती घोषणा झाल्या.