लॅटरलवर पावडर शिंपडून काही होणार नाही

खान्देशातल्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘शास्त्रज्ञांनी प्लास्टिक खाणारं एन्झाइम बनवलं. १० तासांत ९० टक्के प्लास्टिक फस्त. आपल्या उन्हात तर आणखी लवकर. उरेल ते खत. जुन्या नळ्या भंगारात देऊ नका, पावडर येतेय.’

आकडा खरा आहे, म्हणूनच बाकीचं खपून जातं. २०२० साली फ्रान्समधली कार्बिओस कंपनी आणि तुलूझचे संशोधक यांनी पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून मिळालेल्या एन्झाइममध्ये फेरफार करून हे साधलं. पण ते प्लास्टिक होतं पीईटी, पाण्याच्या बाटलीचं. त्याच्या रेणूंच्या लांब साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर नावाचे बंध असतात, एन्झाइम तेवढेच तोडतं. ठिबकची लॅटरल म्हणजे पाण्याची नळी, आणि टरबुजाच्या वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर, दोन्ही पॉलिथिनचे. तिथे नुसता कार्बनला कार्बन जोडलेला. या एन्झाइमला तोडण्याजोगं काही नाहीच. मेणकिड्याच्या लाळेचं उदाहरण कुणीतरी देईलच. त्यातली एन्झाइम्स पॉलिथिनवर ऑक्सिजन चढवतात, हे २०२२ मध्ये दिसलं. पण त्यानं ढीग संपत नाही.

आता ऊन. भुसावळचा मे ४५ च्या पुढे जातो, कबूल. हे एन्झाइम चाललं ७२ अंशांवर, कारण सत्तरीच्या आसपास पीईटी मऊ पडतं आणि साखळ्या सैल होतात. तेही टाकीत, पाण्यात ढवळत, तयार होणारं आम्ल अल्कली घालून सतत मारत. शिवाय प्लास्टिक आधी वितळवून, झटकन थंड करून, बारीक दळलेलं. बांधावर यातलं काय जमणार?

खताची तर गंमतच आहे. बाहेर पडतं टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल. हे ग्लायकॉल म्हणजे ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधल्या कूलंटचा मुख्य माल; जनावरानं प्यायलं तर किडनी जाते. नत्र, स्फुरद, पालाश दोन्हींत औषधालाही नाही. त्यांच्यापासून पुन्हा नव्यासारखं पीईटी बनतं, शोधाची कमाल ती आहे.

खरं नुकसान मेसेजच्या शेवटच्या ओळीनं होतं. जुनी लॅटरल आजही किलोवर विकली जाते, तिचा दाणा होतो, दाण्यातून पुन्हा पाइप. पावडरीची वाट पाहत ती बांधावर पडली की एक दिवस कुणीतरी पाचटाबरोबर पेटवून देतं. मल्चिंग पेपर मात्र अवघड दुखणं आहे: मातीनं माखलेला, चिंध्या झालेला, भंगारवालाही नाक मुरडतो. तो रोटाव्हेटर घालण्याआधी, माती कोरडी असताना उचलून झटकला, तर निदान घेणाऱ्याशी भावाचं बोलता येतं.