मुख्यालयी कोण राहतं?

शनिवारी सकाळी उठून पाहतो तर दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एकशे बारा मेसेज. एवढे मेसेज एरवी कोणी गेलं किंवा कापसाचा भाव पडला तरच येतात. या वेळी विषय होता मास्तर. शहाद्याला खतं-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या आमच्या मित्राने नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या एका शाळेच्या कुलपाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'गणिताचे सर मुख्यालयी राहत नाहीत, घरभाडं मात्र पूर्ण घेतात. बंद करा यांचं.' त्यावर बावीस अंगठे.

माझं डोकंच फिरलं. शिक्षकाने शाळेच्या गावातच राहावं, नाहीतर घरभाडं घेऊ नये, हा मुख्यालयाचा वाद २०२२ मध्ये विधानसभेत गाजला, तेव्हापासून अधूनमधून पाऊस पडावा तसा पडतोच आहे. पण अंगठा देणाऱ्यांत पुण्यात वाकडला राहून खराडीला नोकरी करणारे चौघे होते. त्यांचं मुख्यालय कोणतं, हे कोणी विचारत नाही.

मी बर्मिंगहॅमच्या पूर्वेकडच्या एका सेकंडरीत गणित शिकवतो. निम्म्याहून जास्त मुलं फ्री स्कूल मील्सवाली, म्हणजे गरीब घरातली, शाळेत फुकट जेवणारी. आमच्या हेडबाई रोज पाऊण तास एम सिक्स हायवेवर अडकत येतात आणि आल्यावर गेटवर उभ्या राहतात. त्या कुठे झोपतात याची चौकशी ऑफस्टेडने, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी खात्यानेसुद्धा केलेली नाही. मुलांना वर्गात माणूस हवा असतो, त्याचं रेशनकार्ड कुठलं आहे याच्याशी त्यांना काय करायचंय?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मग हात चाललाच आहे तर पुढेही लिहिलं. इथे गणिताच्या माणसाला भाव आहे आणि रावेरला केळीचा भाव फलकावर लिहावा तसा सरकार तो उघड लिहितं. गणित शिकवायचं प्रशिक्षण घेणाऱ्याला २०२५-२६ साठी २९,००० पौंडांची बर्सरी, म्हणजे शिष्यवृत्ती. शिवाय नोकरीची पहिली पाच वर्षं जास्त गरीब मुलांच्या शाळेत टिकलात तर कर जाऊन वर्षाला ६,००० पौंडांपर्यंत वर. आमच्याकडची पंचविशीतली एक मुलगी तेवढ्यावर फ्लॅटची डिपॉझिट जमवते आहे. (मला ते मिळत नाही, तो भाग वेगळा.) आणि आपल्याकडे? आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांसाठी ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय आहे. त्यात प्रोत्साहन भत्ता मूळ वेतनाच्या १५ टक्के, पण कमाल १,५०० रुपये. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये कुठे १८,००० झालं, त्याआधी ते ८,००० होतं. एवढ्यात बीएस्सी बीएड झालेला पोरगा सातपुड्यात जाऊन बसेल की जळगावात क्लास काढेल?

यावर एकाने साने गुरुजी काढले. ते नाही का कोकणातून येऊन अंमळनेरला राहिले? राहिले ना. प्रताप हायस्कूलमध्ये सहा वर्षं राहिले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. नंदुरबारला पहिली नेमणूक मिळालेला बीड-लातूरचा शिक्षक सहा वर्षं टिकला तर जिल्हा परिषद त्याचा सत्कार करील. अवघड क्षेत्रातली तीन वर्षं तो कॅलेंडरवर फुल्या मारत काढतो. बदलीचं पोर्टल उघडलं की पहिला अर्ज त्याचा. त्याला दोष देणारे आपण कोण?

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख, शके ११२८. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्यात भक्तीचा शब्द नाही, हिशेब आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई त्यावरचा राजाचा कर मठाला दिला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच खान्देशात लोकांना कळत होतं, की गणित शिकवणारा टिकवायचा तर आधी त्याच्या पोटाची कायमची सोय लावावी लागते. या मेसेजला मला एकतीस अंगठे मिळाले. खोटं कशाला सांगू, मी मोजले.

दुपारी एकाने २० मार्कांचं उकरून काढलं. दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर अकरावीत जाऊ देण्याचा २०२४ मधला प्रस्ताव. 'मग मास्तर तरी कशाला हवा?' मी लगेच लिहिलं, की इथल्या दहावीला, म्हणजे जीसीएसईला, हायर टियरच्या पेपरात वीस टक्क्यांच्या आसपास गुण पडले तरी ग्रेड फोर मिळतो आणि त्याला पास म्हणतात. हायर टियरचा पेपर किती अवघड असतो ते मात्र लिहिलं नाही.

आणखीही बरंच लिहिलं नाही. एवढे पौंड ओतूनही गणिताच्या शिक्षकांच्या भरतीचं लक्ष्य गेल्या दशकभरात इथे बहुतेक वर्षी हुकलेलंच आहे. आमच्या इयर नाइनच्या बॉटम सेटला, म्हणजे गणितात सगळ्यात मागे असलेल्या मुलांना, या टर्ममध्ये पीटीचे सर अपूर्णांक शिकवतात. ऑक्टोबरपर्यंत त्या वर्गाला तीन कव्हर टीचर, म्हणजे बदली शिक्षक, होऊन गेले. आमच्या विभागात दोघं नायजेरियाचे, एक बाई जमैकाच्या आणि मी. २०२३ पासून भारत, नायजेरिया, जमैका अशा देशांतल्या गणिताच्या शिक्षकांना क्यूटीएस, म्हणजे इथली शिक्षकाची मान्यता, मिळवणं सोपं झालं, त्याच दारातून आम्ही आत आलो. इंग्लंडला गणिताची माणसं मिळतात ती अशी. कोणत्या तरी अक्राणीतून उचललेली.

रात्री दुकानवाल्या मित्राचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. 'तू कोठे राहे रे तवय?'

मी त्याच अक्राणीत, धडगावच्या पलीकडच्या एका आश्रमशाळेत तासिकेवर होतो. शहाद्याहून घाट चढून मोटारसायकलवर पावणेदोन तास, पावसाळ्यात दरड आली की तेही नाही. मुलं घरी पावरी बोलायची, माझं मराठीच त्यांना आधी समजून घ्यावं लागे, मग गणित. तरी हुशार होती. बायकोचा नर्सचा व्हिसा २०१९ च्या जानेवारीत आला. दहावीच्या वर्गाची वर्गसमीकरणं झाली होती, अंकगणिती श्रेढी निम्मी व्हायची होती, बोर्डाला दोन महिने. मी संस्थेला फोन केला, चावी शिपाईमामांकडे दिली आणि आलो. पुढे त्या मुलांना कोणी शिकवलं, कोणी शिकवलं तरी का, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. इथे डिसेंबरमध्ये एखादा शिक्षक नोटीस देतो तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्याने चिडतो तो मीच.

म्हणून पाटणचा शिलालेख मला तोंडपाठ आहे. ही वाट सोयीची आहे. दोष १,५०० रुपयांचा म्हटलं की मी त्यात उरत नाही. पैसे कमी होते हे खरंच आहे, आजही मी तेच म्हणेन. पण दोन महिने थांबायला किती पौंड लागले असते, हा हिशेब मी कधी मांडला नाही.

बराच वेळ टाइप करून पुसत राहिलो. शेवटी लिहिलं, 'शहाद्यातच. बसस्टँडच्या मागे खोली होती.'

लगेच उत्तर आलं. 'माले माहीत शे. भाडं मनाच काकाले देत व्हता तू.'