वचन झोपेची गोळी नाही, हे मान्य

नमस्कार दादा,

बायबलमधलं एक वचन (ओळ) पुन्हा पुन्हा सावकाश म्हणत प्रार्थना कशी करावी, या माझ्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्यात. एकच ओळ घोळवत बसणं म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानात (६:७) येशूने नाकारलेली व्यर्थ बडबड. अशाने संदर्भ तुटतो. आणि मनःशांतीसाठी बायबल उघडणं म्हणजे देवाच्या वचनाची झोपेची गोळी करणं. तिसरी मला सगळ्यात जास्त पटली, म्हणून ती शेवटी घेतो.

आधी बडबडीचं. तिथे येशूचा रोख, पुष्कळ बोललं की देव ऐकतो या समजुतीवर आहे. तेच शब्द पुन्हा उच्चारण्यावर असता तर क्रूसाआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने केलेल्या प्रार्थनेचं काय करायचं? तिथे तो स्वतःच तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द बोलतो (मत्तय २६:४४). आणि बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र १३६ मध्ये तर सव्वीसही वचनांत एकच पालुपद आहे.

मन भरकटण्याची तक्रारही जुनीच. योहान कासियन या ख्रिस्ती साधूने पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंची संभाषणं लिहून ठेवली. त्यात त्याचा सोबती जर्मानुस म्हणतो की एका स्तोत्रावर मनन सुरू केलं की मन दुसऱ्यावर उडी मारतं, हाती काहीच राहत नाही. (हे वाचून मला फार बरं वाटलं होतं!) त्या साधूंपैकी अब्बा (म्हणजे वडील) इसहाक यांनी सांगितलेला उपाय म्हणजे स्तोत्र ७० चं पहिलं वचन: देवा, माझ्या साहाय्याला धावून ये. भूक लागो, झोप उडो, राग येवो की गर्व चढो, हेच म्हणायचं. मन रिकामं करा असं इथे कुणी म्हणत नाही. ते एका वाक्याने भरायचं आहे. कॅथलिक मठांतली प्रहर-प्रार्थना, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायची स्तोत्रं आणि प्रार्थना, आजही याच वचनाने सुरू होते.

संदर्भाबद्दल वाद नाही. वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन ही चार पायऱ्यांची शिडी मांडणाऱ्या बाराव्या शतकातल्या ‘दुसरा गीगो’ या साधूनेच बजावलंय की मननाविना वाचन कोरडं, वाचनाविना मनन चुकीच्या वाटेला जाणारं. आधी अख्खा अध्याय, मग ओळ.

आता गोळी. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे दिलासा देणारं तेविसावं स्तोत्र घरोघरी भिंतीवर दिसतं, अठ्ठ्याऐंशीवं मी कुठे टांगलेलं पाहिलं नाही. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचा शब्द नाही. म्हणून वचन आपल्या मनासारखं निवडायचं नाही, क्रमाने येईल ते घ्यायचं. तेविसाव्याच्या आधी बाविसावं लागतं: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? क्रूसावर येशूच्या तोंडी तेच होतं.

इथे आमच्या कॅथलिक चर्चचंही मला पटत नाही. १९७१ च्या प्रहर-प्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही शापवाणीची स्तोत्रं वगळली गेली. मग रागाने पेटलेल्या माणसाने प्रार्थनेला काय घ्यायचं? घरात जमिनीवरून तंटा चालू असेल तेव्हा १०९ सावकाश, मोठ्याने वाचावं. शांत वाटेलच असं नाही, पण भावाला द्यायचे शाप निदान देवाच्या कानावर तरी जातात. तुमच्या बायबल-गटात ते एकदा घेऊन बघा, आणि काय झालं ते इथेच लिहा.