बोय, बास, बा

घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे बाळकडू पिऊन वाढलेल्या बाईने काय करावं? नवऱ्याच्या नोकरीपायी मी माद्रिदला आले आणि इथल्या भाषावर्गात बाईंनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर क्रियापद लिहिलं ते 'इर'. म्हणजे जाणे. वर्तमानकाळात चालवा! इथे एक 'जाते' तोंडातून निघेना, तिथे मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशा सगळ्यांना वाटेला लावायचं.

तशी मी घाबरणारी नाही. 'गच्छामि, गच्छसि, गच्छति' एका दमात म्हणत दहावीची टक्केवारी संस्कृतच्या जिवावर वर काढणाऱ्या पिढीतली मी. पण स्पॅनिशमधली सरळमार्गी क्रियापदं नुसतं शेपूट बदलतात, धड तसंच ठेवतात. हे 'इर' महाशय धडासकट गायब. बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. यात 'इर' शोधून दाखवा! चौकशी केली तेव्हा कळलं, की लॅटिनमधल्या तीन निरनिराळ्या क्रियापदांचा हा एकत्र संसार आहे. पाटीवर नाव 'ईरे'चं, वर्तमानकाळ 'वादेरे'चा आणि भूतकाळ चक्क 'असणे' या क्रियापदाकडून उसना. म्हणून 'फुई' म्हणजे 'मी गेले' आणि 'फुई' म्हणजेच 'मी होते'. ही काय भाषा झाली, असं मी फणकाऱ्याने म्हणणार, तोच वर्गातल्या एका पोलिश मुलीने विचारलं, तुमच्याकडे 'जाते'चा भूतकाळ काय? 'गेले,' मी म्हटलं आणि मुकाट्याने वही उघडली.

स्पॅनिशमध्ये लिहायचं 'व्ही' आणि म्हणायचं 'ब', त्यामुळे हा पाठ घरी मोठ्याने म्हणायची पंचाईत. नवरा सोफ्यावर बसून 'बास, बास' घोकत होता, तेव्हा व्हिडिओ कॉलवरच्या सासूबाईंना वाटलं, मी त्याला आग्रह करकरून वाढतेय. त्यांचं माझ्याविषयीचं मत तेवढ्यापुरतं सुधारलं.

एक सोय मात्र आहे. मराठीत तो 'जातो' आणि मी 'जाते'. इथे दोघांत मिळून एकच 'बोय'. पण इथे वाचलेला त्रास मानापमानात वसूल होतो. 'तू जातेस'ला 'बास', आणि अदबीने 'आपण जाता' म्हणायचं तर 'उस्तेद' लावून 'बा'. माद्रिदमध्ये दुकानदार, वेटर, बसमधला अनोळखी माणूस, सगळे सर्रास 'तू'वर. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांना 'कुठे चाललीस गं?' म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून जिन्यात मी नम्रपणे विचारलं, "आदोंदे बा उस्तेद?"

"उस्तेद?" आजी पाठ ताठ करत म्हणाल्या, "मी इतकी म्हातारी दिसते का?"

त्यावर कडी म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण' यांत या भाषेला फरकच कळत नाही. एका रविवारी आजींनी विचारलं, "आदोंदे बाइस?" मी म्हटलं, "बामोस अल रेतीरो." रेतीरो ही इथली मोठी बाग, पूर्वी राजेलोकांची, आता सगळ्या गावाची. मला म्हणायचं होतं, आम्ही दोघं रेतीरोला जातोय. आजींनी ऐकलं, चला, आपण रेतीरोला जाऊ. ऐकलं की ऐकायचं ठरवलं, देव जाणे. हातपंखा आणि पर्स घेऊन त्या तयारच! तळ्यातल्या होड्यांसमोर बसून त्यांनी आम्हाला सूर्यफुलाच्या बिया दातांनी कशा फोडायच्या ते शिकवलं. क्रियापदापेक्षा ते बरंच सोपं निघालं.

खरी गोची फोनवर. मराठीत मी मैत्रिणीला खुशाल सांगते, 'थांब, तुझ्याकडे येते.' स्पॅनिशमध्ये बोलणारी व्यक्ती आहे त्या जागेवरून हलली की ती जातेच, मग भले ऐकणाऱ्याकडे का जाईना. 'बेंगो', म्हणजे 'येते', म्हटलं तर समोरची बाई दार उघडून बघायची. म्हणून कुणी हाक मारली, की इथे उत्तर मिळतं, 'बोय!' अशा वेळी आपण 'आले!' म्हणतो, तेही थेट भूतकाळात, आणि नजर मोबाईलवरून हलत नाही. इथलेही 'बोय' म्हणून हलत नाहीत. मला तर स्पॅनिशच जास्त प्रामाणिक वाटते. ती निदान पोचल्याचा दावा करत नाही.

लाईट मात्र इथेही 'जाते'च. 'से बा ला लूथ.' 28 एप्रिल 2025 रोजी भर दुपारी ती जवळजवळ अख्ख्या स्पेनची आणि पोर्तुगालची गेली, तेव्हा जिन्यात सगळे हवालदिल होऊन उभे होते. पुण्यात गुरुवारच्या लाईट जाण्यावर वाढलेल्या बाईने मेणबत्ती, काडेपेटी आणि भरलेली बादली बाहेर काढली. त्या दिवशी माझं व्याकरण कोणीही तपासलं नाही.

आता आजी संध्याकाळी आमच्याकडे कॉफीला येतात. निघायचं झालं, की दोन्ही हात मांड्यांवर आपटून म्हणतात, "ब्वेनो, प्वेस मे बोय." बरं, जाते हं मी. मग गुडघ्याची कथा. दारात पुन्हा 'मे बोय', की धाकट्या मुलाच्या बायकोची कथा. वर्तमानकाळ म्हणजे चालू असलेली क्रिया, असं बाईंनी शिकवलं होतं. ही क्रिया अर्धा-पाऊण तास चालूच असते. शेवटी लिफ्टपाशी पोचल्यावर आजी तिचं दार पायाने अडवून सुनेचा शेवटचा अध्याय सांगायला घेतात. तळमजल्यावरून कोणीतरी वैतागून ओरडतं, लिफ्ट येतेय की नाही?

"या बा!" आजी वरून गोड आवाजात सांगतात. निघालीच बघा! पाय तिथेच.